मागचे कुंपण आणि आमचा पैलवान

शाळेच्या मागच्या अंगणात पेव्हर बसवायचे, जुने झाडोऱ्याचे कुंपण उपटून त्या जागी पक्की भिंत घालायची आणि शाळा सुरू झाल्यापासून दर महिन्याला कीटकनाशकाची फवारणी करून घ्यायची, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आला आहे. काम उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हायचे आहे. त्यामुळे बोलायचे असेल तर आत्ताच बोलले पाहिजे. या पत्रिकेत पालक लिहितात, माजी विद्यार्थी लिहितात, मग विज्ञान मंडळानेही आपले म्हणणे मांडावे असे आमच्यातील शिक्षकांना आणि मुलांना, दोघांनाही वाटले. म्हणून हा लेख.

आधीच सांगतो, भिंतीला आमचा विरोध नाही. पावसाळ्यात मागच्या अंगणात होणारा चिखल आम्हीही तुडवतो. तांबड्या मातीने भरलेले मोजे धुणाऱ्या आयांची तक्रारही आम्हाला मान्य आहे. आमचे म्हणणे कुंपणापुरते आणि फवारणीपुरते आहे. आणि ते एका कोळ्यावरून सुरू होते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिसरीच्या वर्गातील एका मुलीच्या डब्याच्या झाकणावर एक काळा, केसाळ कोळी बसलेला सापडला. वर्गात आरडाओरडा झाला, डबा पडला, पोळीभाजी सांडली. कोळी मात्र खिडकीतून उडी मारून निघून गेला. दुसऱ्या दिवशी दोन पालकांची पत्रे आली. मुलांच्या डब्यापर्यंत कोळी येत असतील तर शाळा स्वच्छ कशी म्हणायची, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर म्हणून जी फवारणी सुचवली गेली, ती आम्हाला पटत नाही.

तो कोळी आमच्या चांगल्या ओळखीचा आहे. शास्त्रीय नाव हायलस सेमिक्युप्रियस. पॅरिसचे प्रसिद्ध कोळी-अभ्यासक युजीन सिमॉन यांनी १८८५ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. नावाचा अर्थ ‘अर्धा तांब्याचा’. भारत आणि श्रीलंका हा त्याचा मुलूख. इंग्रजीत त्याला ‘हेवी जंपर’, म्हणजे जड अंगाचा उडी मारणारा, असे म्हणतात. मराठीत त्याला रुळलेले नाव नाही. कन्नडच्या तासाला मुले ‘जेड’ म्हणजे कोळी असे शिकतात, पण तेही सगळ्या कोळ्यांचे एकच नाव. तेव्हा सातवीच्या मुलांनी आपल्यापुरता प्रश्न सोडवला आणि त्याला ‘पैलवान’ म्हणायला सुरुवात केली. आखूड, जाड पाय, रुंद छाती, मान नाहीच, आणि समोर कोणी आले की पुढचे पाय उचलून शड्डू ठोकल्यासारखा पवित्रा. तालमींच्या या गावात याहून बरे नाव सुचणार नाही. आम्हीही या लेखात तेच वापरतो.

अंगाने तो करंगळीच्या नखाएवढा. वाचणाऱ्याला हे काही मोठे वाटणार नाही. पण उड्या मारणाऱ्या कोळ्यांचे बहुतेक भाऊबंद तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान असतात. त्यांच्यात हा खरोखरच पैलवान. त्याचा थोरला चुलतभाऊ हायलस जायगँटियस सुमात्रापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या पट्ट्यात राहतो. तो सुमारे अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि या कुळातील सर्वांत मोठ्यांत गणला जातो. तो आपल्याकडे नाही. आपल्याकडे जो आहे, तो मागच्या कुंपणात आहे.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. वर्गाच्या कोपऱ्यात जी जळमटे लटकतात, ती पैलवानाची नव्हेत. ती लांब, काटकुळ्या पायांच्या दुसऱ्याच कोळ्यांची. जळमटे खुशाल काढावीत, दर शनिवारी काढावीत, आम्ही स्वतः झाडू घेऊन येतो. पैलवान शिकारीसाठी जाळे विणत नाही. तो पाहतो, दबा धरतो, अंतर मोजतो आणि झेप घेतो. मांजरीची रीत. धागा त्याच्याकडेही आहे, पण त्याचा उपयोग वेगळा. प्रत्येक उडीपूर्वी तो पानावर धाग्याचे टोक चिकटवतो. उडी हुकलीच तर त्या दोरीवर लटकून परत वर येतो. रात्री झोपायला, कात टाकायला आणि अंडी घालायला तो पानाच्या घडीत रेशमाची छोटी पिशवी करतो. मादी त्या पिशवीत अंड्यांवर पहारा देत बसते.

आता ही पानाची घडी कुठून येणार? आमचा मुद्दा इथे आहे.

मागचे कुंपण कोणी मुद्दाम सुंदर म्हणून लावलेले नाही. शाळेच्या सुरुवातीच्या काळात गुरे आत येऊ नयेत म्हणून लावलेली मेंदी, तिच्यात आपोआप उगवलेली घाणेरी, कोपऱ्यात दोन जास्वंदी, एक अडुळसा, नळाजवळ तगर, आणि पायथ्याला पावसाळ्यात गुडघाभर वाढणारे गवत. दिसायला गबाळे आहे. पण पैलवानाच्या नजरेने पाहा. सकाळी उन्हाचा पहिला पट्टा ज्या पानांवर पडतो, त्या वरच्या पानांवर तो अंग शेकत बसतो. ऊन चढले की एक थर खाली येतो. तगरीच्या आणि घाणेरीच्या फुलांवर माश्या व पतंग येतात, जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर तुडतुडे असतात, गवतात नाकतोड्यांची पिल्ले. हे त्याचे जेवण, आणि ते वेगवेगळ्या उंचीवर वाढलेले. एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला जितके अंतर लागते, तितकेच पानापानांत आहे. पावसाची सर आली तर पानाची पाठ आहे. वाळलेले पान गुंडाळले की पिशवीची जागा तयार. गुळगुळीत कापलेल्या, एकाच जातीच्या शोभेच्या कुंपणात यातले निम्मेसुद्धा नसते. पेव्हरवर तर काहीच नाही. एप्रिलमध्ये दुपारी पेव्हरवर हात ठेवून पाहावा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल.

आणि पैलवान तिथे एकटा नाही. खिडकीच्या चौकटीत मातीची छोटी मडकी करणारी कुंभारमाशी सर्व मुलांना माहीत आहे. ते मडके फोडले तर आत अर्धमेले कोळी सापडतात. ती त्यांना डंख मारून लुळे करते आणि आपल्या अळीसाठी ताजे अन्न म्हणून भरून ठेवते. म्हणजे पैलवानालाही अस्मान दाखवणारा कोणी आहे. अडुळशाच्या जवळ शिंपी पक्ष्याने पाने शिवून घरटे केले, त्या शिवणीत आणि नळाजवळच्या शिंजिराच्या लोंबत्या घरट्यातही कोळ्यांचे रेशीम असते. पाचवीच्या पुस्तकात ‘अन्नसाखळी’ नावाचे चित्र आहे, बाण काढलेले. आमच्या मते ते चित्र फळ्यावर काढण्यापूर्वी मुलांना पन्नास पावले मागे न्यावे.

पैलवानाला जवळून पाहिलेले मूल त्याला विसरत नाही, याचे कारण त्याचे डोळे. आठ आहेत. कडेचे सहा हालचाल टिपतात, त्यामुळे मागून बोट नेले तरी त्याला कळते आणि तो गर्रकन वळून समोर तोंड करतो. मधले दोन मोठे डोळे म्हणजे दोन दुर्बिणीच आहेत. बाहेरचे भिंग जागचे हलत नाही. आतला पडदा मात्र एका लांब नळीच्या टोकाला असतो आणि तो बारीक स्नायूंनी इकडेतिकडे फिरवता येतो. म्हणून त्याच्याकडे भिंगातून पाहताना त्याच्या डोळ्याचा रंग क्षणात गडद, क्षणात फिका दिसतो. तो आपल्याला न्याहाळत असतो, डोके न हलवता. मुलांना हे कळते तेव्हा एकदम शांतता होते. विज्ञानाच्या तासाला इतकी शांतता आम्हाला एरवी मिळत नाही.

त्याची उडीही स्नायूंच्या जोरावर नाही, निदान सरळ अर्थाने नाही. कोळ्याच्या पायातील काही सांध्यांना वाकवणारे स्नायू आहेत, पण ताठ करणारे नाहीत. पाय ताठ करायला तो अंगातील द्रवाचा दाब वाढवतो. रस्त्याच्या कामावर जेसीबीचा हात तेलाच्या दाबाने उचलला जातो, तसेच. १९५९ मध्ये पॅरी आणि ब्राऊन या दोन शास्त्रज्ञांनी उडी मारणाऱ्या कोळ्यांवर प्रयोग करून हे दाखवले, की झेपेच्या क्षणी हा दाब एकदम चढतो आणि मागचे पाय ताडकन सरळ होतात. मेलेल्या कोळ्याचे पाय नेहमी पोटाशी दुमडलेले का असतात, हे त्यावरून सांगता येते. दाब गेला, आता फक्त वाकवणारी बाजू उरली. आठवीच्या एका विद्यार्थ्याने हे उत्तर स्वतः शोधले. दाबाचा धडा शिकवून आठवडा झाला होता.

अंतर मोजण्याची त्याची युक्ती तर आणखी अजब. २०१२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी घराघरांत भिंतीवर दिसणाऱ्या एका लहान उडी मारणाऱ्या कोळ्याला हिरव्या उजेडात आणि तांबड्या उजेडात उड्या मारायला लावले. हिरव्यात उडी बरोबर बसली, तांबड्यात तोकडी पडली. डोळ्याच्या पडद्याचे थर असतात. एका थरावर चित्र स्पष्ट पडते, दुसऱ्यावर धूसर. त्या धूसरपणावरून कोळी अंतर काढतो, हे त्यातून सिद्ध झाले. २०१८ मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर विद्यापीठाने ‘किम’ नावाच्या अमेरिकन जातीच्या मादीला ठरलेल्या जागेवरून ठरलेल्या जागेवर उडी मारायला शिकवले आणि तिच्या झेपेचा अभ्यास केला. असे कोळी जागच्या जागी उभे राहून अंगाच्या सहापट लांब उडी मारू शकतात. छोटे यंत्रमानव करण्यासाठी ही माहिती हवी होती. मुलांना आवडणारी गोष्ट आणखी एक आहे. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या अम्र मोहम्मद या विद्यार्थ्याने एका स्पर्धेत प्रश्न विचारला, की वजनच नसेल तर उडी मारणारा कोळी शिकार कशी करील? त्या प्रश्नापायी ‘नेफर्टिटी’ नावाची कोळीण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेली, तिथे तिने बदललेल्या परिस्थितीतही माश्या पकडल्या, आणि जिवंत परत आली. एका शाळकरी वयाच्या मुलाच्या प्रश्नातून हे झाले. असे प्रश्न पेव्हरकडे पाहून पडत नाहीत, असे म्हटले तर विश्वस्त रागावणार नाहीत अशी आशा आहे.

आता भीतीबद्दल. पैलवानाला विष आहे का? आहे. जवळजवळ सर्वच कोळ्यांना असते, त्याशिवाय त्यांची शिकार होणार नाही. पण ते माशी आणि नाकतोड्याच्या मापाचे. हा कोळी माणसावर चालून येत नाही. मुठीत दाबला तर क्वचित चावेल, आणि त्याचा त्रासही किरकोळ असतो. जुन्या लोकांचे म्हणणे असे, की कोळी अंगावर चिरडला की फोड येतात. फोड येतात हे खरे आहे, पण पुष्कळदा गुन्हेगार वेगळाच असतो. पावसाळ्यात दिव्यावर एक बारीक, मुंगीसारखा दिसणारा, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा भुंगेरा येतो. तो मानेवर किंवा गालावर बसतो, झोपेत चिरडला जातो, आणि त्याच्या अंगातील रसाने कातडी भाजल्यासारखी होते. सकाळी उठून पाहावे तर भिंतीवर कोळी. मग नाव त्याचे. आमच्या आज्यांच्या अनुभवाचा आम्ही अनादर करत नाही. फक्त आरोपी बदला, एवढेच म्हणतो.

डब्यावर कोळी आला कसा, याचा शोध मुलांनी घेतला. तिसरीच्या खिडकीला जास्वंदीची फांदी टेकते. डबे खिडकीत ठेवतात. डब्यावर माशी, माशीमागे पैलवान. यावर उपाय म्हणजे फांदी दोन हात छाटणे आणि डब्यांसाठी वर्गात फळी लावणे. फळीचे काम आमच्या मंडळातील एका पालकांनी फुकट करून देऊ केले आहे.

फवारणीने काय होईल? फवारणीच्या औषधाला माशी कोणती आणि माशी खाणारा कोणता, हा भेद कळत नाही. पहिल्या महिन्यात सर्वच मरतील आणि अंगण छान दिसेल. पण डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवस पुरतात. कोळ्याची पिढी वाढायला महिने लागतात. म्हणजे पहिल्यांदा परत येणार ते डास, आणि त्यांना खाणारे कोणी नसेल. मग दुसरी फवारणी, मग तिसरी, आणि दर महिन्याचे बिल. बालवाडीची मुले त्याच जमिनीवर सतरंजी टाकून बसतात, ही गोष्ट वेगळी सांगायला नको. पैलवान आहे म्हणून शाळेतील डास संपतील, असा दावा आम्ही करणार नाही. तो त्याचा व्यवसाय नाही. डासांसाठी मागची टाकी झाकावी आणि नळाखालची तुंबलेली मोरी साफ करावी. पण कोळी एकूण किती काम करतात, याचा अंदाज हवा असेल तर २०१७ मध्ये स्वित्झर्लंड व स्वीडनमधील दोन अभ्यासकांनी केलेला हिशेब आहे. जगातले कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, आणि त्यात बहुतेक कीटकच. एवढी फवारणी कोणत्याही संस्थेला परवडणारी नाही.

सापांचा मुद्दा खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. मागच्या बाजूला साप दिसतात. पण साप कोळ्यांसाठी येत नाहीत, उंदरांसाठी आणि बेडकांसाठी येतात. उंदीर येतात ते सांडलेल्या डब्यांसाठी, आणि राहतात ते मोडक्या बाकांच्या ढिगात. तो ढीग कित्येक वर्षे कुंपणाला टेकून पडला आहे. आधी तो हलवा. गवत पायवाटेपासून चार हात मागे ठेवा. भिंत घाला, पण कुंपणाच्या बाहेरून घाला, म्हणजे आतले कुंपण जागच्या जागी राहील. कंत्राटदाराला विचारले, तर त्यात थोडी गैरसोय आहे, अडचण नाही, असे तो म्हणाला.

एका पालकांनी सुचवले, की मुलांना कोळी आवडत असतील तर चार-पाच काचेच्या पेटीत ठेवा, प्रयोगशाळेत शोभा येईल. सूचना चांगल्या मनाने केलेली आहे. आम्ही बाटलीत कोळी ठेवून पाहिलेले नाही असे नाही. विद्यार्थी आणतात, आम्ही भिंगाखाली पाहतो आणि मधल्या सुट्टीत जिथून आणला तिथे सोडतो. पेटीतला कोळी दिवसभर कोपऱ्यात पिशवी करून बसतो. त्याची झेप दिसत नाही, कारण झेपायला काही नाही. दुपारी तो कोणत्या थरावर उतरतो हे दिसत नाही, कारण थरच नाहीत. कुंभारमाशी येत नाही. आपण ज्याला कोळी म्हणतो त्यातला बराचसा भाग त्या कुंपणात असतो. पेटीत जे येते ते फक्त आठ पाय.

उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या सहा हजारांहून जास्त जाती जगात आहेत, कोळ्यांतील हे सर्वांत मोठे कुळ. आणि त्यातील जवळजवळ प्रत्येकाने आपली जागा निवडलेली आहे. हिमालयात एक जात ६,७०० मीटर उंचीपर्यंत राहते. वाऱ्याने वर उडून आलेल्या कीटकांवर ती जगते. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘सर्वांच्या वर उभी राहणारी’ असा आहे. मध्य अमेरिकेत एक जात आहे, ती बाभळीच्या जातीच्या झाडावर राहून मुख्यतः त्याच्या पानांच्या टोकांवरचे कोवळे दाणे खाते. कोळी असून जवळपास शाकाहारी! झाड गेले की तीही गेली.

‘वन्यजीव पाहायचे तर सहल काढू, खानापूरच्या पलीकडे भीमगडला नेऊ, आंबोलीला नेऊ’, असे बैठकीत कोणी म्हणेल. जरूर न्यावे, दरवर्षी न्यावे. पण घाटातले रान वर्षातून एक दिवस आणि कुंपण वर्षातून दोनशेहून जास्त दिवस. शिवाय नवे काही सापडायला रानातच जावे लागते असेही नाही. २०२१ मध्ये ठाणे परिसरातून उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यातील एकीला ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिले आहे, २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवरील हल्ल्यात कसाबला पकडताना प्राण दिलेले पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. मुंबईच्या आरे वसाहतीतूनही उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या नव्या जाती गेल्या काही वर्षांत नोंदवल्या गेल्या. ठाणे आणि मुंबई ही काही निर्जन स्थळे नव्हेत. तिथे कोणीतरी गबाळ्या झुडपांकडे निरखून पाहिले, एवढाच फरक. ओंबळ्यांचे नाव एका कोळ्याला दिले हे ऐकून एका विश्वस्तांना प्रथम वाईट वाटले होते. ‘हा काय सन्मान?’ असे ते म्हणाले. आम्ही त्यांना मागे नेऊन पैलवान दाखवला. त्यानंतर ते त्याबद्दल काही बोलले नाहीत, पण दोनदा पुन्हा बघायला आले.

या सगळ्यामागे एक न बोललेली गोष्ट आहे, ती बोलून टाकतो. मराठी शाळेत मुले कमी होत चालली आहेत, हे विश्वस्तांना रात्री झोप लागू देत नाही आणि आम्हालाही नाही. शाळा बघायला आलेले पालक आधी फाटक पाहतात, मग फरशी पाहतात, मग संगणक किती ते विचारतात. शेजारच्या इंग्रजी शाळेत पेव्हर आहेत, आपल्याकडे चिखल आहे. म्हणून हा प्रस्ताव. त्यामागची काळजी खरी आहे, आणि देणगी देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची कळकळही खरी आहे. पण पेव्हरच्या स्पर्धेत आपण कायम दुसरेच येणार. त्यांच्याकडे पैसा जास्त आहे. आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही: अर्धा गुंठा गबाळे कुंपण आणि त्यात काय चालले आहे ते आपल्या भाषेत सांगू शकणारी मुले. मुलांच्या वहीत कुंपणातल्या जिवांना मराठी नावे देण्याचे काम चालू आहे. ‘पैलवान’ हे त्यातले पहिले. एक हिरवट, मुंगीची नक्कल करणारा कोळी आहे, त्याला ‘बहुरूपी’ म्हटले आहे. कोणत्याही पाठ्यपुस्तकात ही नावे नाहीत. भाषा टिकवायची म्हणून आपण दरवर्षी भाषणे करतो. भाषा अशी टिकते की नाही ते माहीत नाही, पण वाढते ती अशीच, असे आमचे मत आहे.

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या आहेत. फाटकापासून वर्गांपर्यंतची वाट आणि प्रार्थनेची जागा यांना पेव्हर घालावेत. मागच्या बाजूला कुंपणालगतची सहा फूट रुंद पट्टी मातीची ठेवावी. मेंदी, जास्वंद, अडुळसा उपटू नयेत. घाणेरी वाढू लागली आहे, ती आम्ही हाताने आटोक्यात ठेवू. फवारणीचे कंत्राट एक वर्ष थांबवावे. त्या पैशांतून टाकीचे झाकण आणि मोरी व्हावी, आणि वर्षाने पाहावे. शाळेच्या माळ्याने पावसाळ्यात गवत एकदम न कापता आलटून पालटून, एका वेळी अर्धे कापावे, म्हणजे त्यात राहणाऱ्यांना दुसऱ्या अर्ध्यात सरकता येईल. माळीमामांशी आम्ही बोललो आहोत. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती असे आम्ही धरून चाललो आहोत.

विश्वस्तांची बैठक सुट्टीपूर्वी आहे. त्याआधीच्या दोन्ही शनिवारी सकाळी आठ ते साडेनऊ विज्ञान मंडळाची मुले भिंग घेऊन मागच्या कुंपणाजवळ थांबतील. मार्चमध्ये पैलवान पावसाळ्याइतके दिसत नाहीत, पण नळाजवळच्या तगरीवर ऊन येते तेव्हा एखादा हमखास असतो. ज्यांनी पत्रे लिहिली त्या दोन्ही पालकांना आम्ही वेगळे बोलावले आहे. तिसरीतली ती मुलगी येणार आहेच. तिचा डबा सांडला होता, त्यामुळे तिला त्याच्याकडे नीट बघायचे आहे.